राखणाऱ्याच्या हाती कागद द्या

महोदय,

झुडपी जंगल, म्हणजे कागदावर खुरट्या झुडपांचं रान म्हणून लिहिलेल्या जमिनी, वनच मानायच्या असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला. तेव्हापासून आमच्याकडे पारावर, बाजारात, तहसीलच्या आवारात दोनच गोष्टी ऐकू येतात. एक म्हणतो घरं पाडतील, दुसरा म्हणतो विकास अडला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या सुमारे ८६ हजार हेक्टर जमिनीचा हा मामला. ती जमीन कशी आहे, तिच्यावर काय उगवतं, आजवर ती कोणी राखली आणि पुढे कोण राखणार, याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. घरांची काळजी मलाही कळते. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी रीतसर वाटप झालेल्यांसाठी न्यायालयाने वाट ठेवली आहे, आणि गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर जाऊ नये असंच मलाही वाटतं. पण उरलेल्या रानाचं काय, हे कोणीतरी बोलायला हवं.

मी वर्धा जिल्ह्यात कारंजा (घाडगे) तालुक्यात कोतवाल होतो. मोजणीला भूकरमापक आला की साखळीचं एक टोक माझ्या हाती असायचं. पीक पाहणीला तलाठी साहेबांबरोबर धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे शेतांच्या बांधाबांधाने फिरायचं, दप्तर उचलायचं, दवंडी द्यायची, ही माझी नोकरी. त्यामुळे आमच्या शिवारातला कोणता नंबर कागदावर काय आहे आणि जमिनीवर काय आहे, हे मला पाठ आहे. या दोन्हींत अंतर पडत गेलं ते डोळ्यांसमोर पडलं.

गावाच्या उत्तरेला बरडावर आमचं झुडपी आहे. मुरमाड जमीन, वीतभरही माती नाही, नांगर धरत नाही म्हणून कोणी ती वाहिली नाही. चैत्रात कोणी पाहुणा आला तर त्याला काटेरी झुडपं आणि उघडा मुरूमच दिसेल, आणि तो म्हणेल, ही तर पडीक आहे. तोच माणूस भादव्यात यावा. पवन्या आणि मारवेल कंबरेएवढं वाढलेलं असतं, कुसळी धोतराला चिकटते, खैर, हिवर, पळस, येरोणी आपापल्या जागी हिरवी झालेली असतात. तित्तर आणि लावे पायाखालून उठतात. टिटवी त्याच उघड्या मुरमावर अंडी घालते. चार अंडी, टोकं आत वळलेली, भोवती बारीक खडे, आणि रंग असा की मुरमाचेच चार खडे पडले आहेत असं वाटावं. गायकी, म्हणजे गुराखी पोरांना ती बरोबर दिसतात. ते तिथे काटक्यांचं कुंपण करतात आणि ढोरं वळवून नेतात. हे त्यांना कोणी शिकवलं नाही.

गवळाऊ गाय याच गवतावर घडली. आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा मुलूख. हेटीकुंडीला तिचं सरकारी पैदास केंद्र आहे, ते असायलाच हवं. पण जात टिकवायची तर वळू जपून भागत नाही, तिला चरायला बरड लागतं, लांबवर चालायला वाट लागते. आमच्यापासून बोर व्याघ्र प्रकल्पही दूर नाही. २०१४ साली तो जाहीर झाला तेव्हा त्याचं क्षेत्र होतं जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत वाघ बसून राहत नाही. तो बाहेर पडतो तेव्हा नाल्याकाठचं झाडोर, पांदण (शेतांमधली गाडीवाट) आणि असे झुडपीचे तुकडे हेच त्याला आडोसा देतात. ते तोडले तर तो वावरातूनच जाणार.

आता कागदाचं. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, ३१ मार्च १९५१ ला गेली आणि मालगुजाराचं चराईचं रान सरकारजमा झालं. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. गावाचे जुने हक्क बुडू नयेत म्हणून निस्तार पत्रक करण्याची रीत होती, आणि ती १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही आली. कलम १६१ मध्ये निस्तार पत्रक आहे, कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज. पहिल्यात गावाने ढोरं कुठे चारायची, जळण कुठून आणायचं, घराला मुरूम कुठला घ्यायचा हे लिहिलेलं असतं. दुसऱ्यात दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्याची वाट, पाणी, मासेमारी यांच्या चालीरीती. आमच्या साझ्यातलं निस्तार पत्रक पिवळं पडलेलं आहे पण अक्षर स्पष्ट आहे. तिकडे वऱ्हाडात ई-क्लास म्हणतात, आमच्याकडे झुडपी म्हणतात. नाव काहीही असो, गावाच्या सामायिक रानाचा हा हक्क कागदावर आहे आणि तो कोणी रद्द केलेला नाही.

आमच्या भागातल्या काही गावांनी मिळून एक लहान विश्वस्त संस्था केली आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, हिशोब तपासलेला आहे. सभासदांना नाव छापून यायला नको आहे म्हणून लिहीत नाही. निवृत्तीनंतर मी तिच्यासोबत काम करतो. ही मंडळी काय करतात ते सविस्तर सांगतो, कारण निसर्ग संवर्धन म्हटलं की लोकांना फोटोसाठी रोप धरून उभे असलेले पुढारीच आठवतात.

झुडपीचे तीन भाग पाडले आहेत. ग्रामसभेत ठरवून दरवर्षी एक भाग पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत बंद ठेवतात, म्हणजे गवताचं बी पिकून खाली पडतं. बी पडल्यावर विळ्याने कापायला मोकळीक. उरलेल्या दोन भागांत ढोरं चरतात. चराईबंदी ठरवताना गायकी समितीत बसलेले असतात. त्यांना न विचारता केलेली बंदी आमच्याकडे टिकलेली नाही, टिकणारही नाही. रायमुनिया (घाणेरी) वाढला की तो कोयत्याने कापत नाहीत, मृगाच्या सरी पडून जमीन मऊ झाली की कुदळीने मुळाखालून काढून उलटा टाकतात. कापला तर एकाला चार फुटवे येतात.

आणि आग. मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळायची सवय आहे, जमीन साफ झाली की फुलं दिसतात. तिथून वारा सुटला की सगळं बरड पेटतं. संस्थेने हे धमकावून बंद केलं नाही. ज्या बायका मोह वेचतात त्यांच्याशी बसून ठरवलं, मोहाखालची जागा झाडून घ्यायची, आणि त्या झाडण्याची मजुरी संस्था देते. शिवाय फाल्गुनाच्या आधी कडेकडेने जाळरेषा काढतात. तेव्हापासून मोठी आग लागलेली नाही. माझ्या मते संस्थेच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोलाचं आहे, आणि यात यंत्र नाही, उद्घाटन नाही.

पांदणीचं काम मला विशेष जवळचं. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवतात, पायवाट एकेरी तुटक रेषेने. आमची नदीवर जाणारी पांदण नकाशात ठळक आहे. जमिनीवर मात्र दर खरिपाला धुरा एखादा तास (नांगराची एक ओळ) आत सरकत गेला. आधी बंडी अडली, मग बैलजोडी अडली, शेवटी डोक्यावर भारा घेतलेली बाई आडवी होऊन जायला लागली. अशा वेळी गावात डोकी फुटतात, वर्षानुवर्षं तारखा पडतात. संस्थेने दोन्ही बाजूंच्या कास्तकारांना एका दिवशी मारुतीच्या ओट्यावर बसवलं, नकाशा पसरला, मोजणीची फी स्वतः भरली. कोणी किती तास खाल्ले याचा हिशोब मांडायचा नाही असं आधीच ठरलं होतं, म्हणूनच हद्दीचे दगड सगळ्यांसमोर रोवता आले. आता बंडी जाते. शाळेची मुलं त्याच वाटेने गुरुजींबरोबर झाडं ओळखत नदीपर्यंत जातात. दसऱ्याला नीलकंठ पाहायला लोक इकडेच येतात, कारण पांदणीच्या कडेच्या वाळक्या हिवरावर तो बसलेला हमखास दिसतो.

यासाठी पांदण रस्त्यांच्या योजना राबवणाऱ्यांना एक विनंती आहे. खडीकरण करा, कास्तकाराला पावसाळ्यात वावरात जाता आलंच पाहिजे. पण जेसीबी घालून दोन्हीकडचं झाडोर मुळासकट खरवडू नका. सिंदी, निर्गुडी, हिवर, बोर यांनीच कडेची माती धरलेली असते, सुगरणीचे खोपे तिथेच असतात, घोरपड आणि मुंगूस तिथेच राहतात, आणि मुंगूस असला की उंदीर आवाक्यात राहतो. एका बाजूने रुंदी घ्या आणि दुसरी बाजू जशीच्या तशी राहू द्या. अंदाजपत्रकात एवढं एक वाक्य टाकायला पैसा लागत नाही.

झाडं लावण्याबद्दलही बोललं पाहिजे. मागे एकदा वरून मोहीम आली आणि आमच्या चांगल्या गवताच्या बरडावर खड्डे खणून रोपं लावली गेली. सलग समतल चर काढले, मुरूम वर आला, गवताचं मूळ तुटलं. त्या मुरमात रोपं जगली नाहीत आणि गवतही परत यायला फार वर्षं लागली. बरडावर झाड विरळ असतं ते तिथल्या जमिनीला तेवढंच पेलतं म्हणून. त्याला गवताळ रान म्हणून राहू द्यावं. आता ज्या झुडपी जमिनी महसूलकडून वन खात्याच्या ताब्यात जातील तिथे पहिलं काम म्हणून खड्डे खणले जाऊ नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. न्यायालयाने तीन हेक्टरांहून लहान आणि जंगलाला लागून नसलेले तुकडेसुद्धा संरक्षित वन म्हणून घोषित करायला सांगितले आहेत. या लहान तुकड्यांवर रोज वनरक्षक कुठून येणार? तिथे राखण गावच करील. मग गावाच्या हाती तसा कागद हवा.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त सलते ती एका आजींची गोष्ट. झुडपीला लागून त्यांचं पाच एकर बरड आहे, खासगी, सातबारा त्यांच्या नावाचा. मुलं बाहेरगावी. लेआउटवाले येऊन गेले, मुरूमवाले टिप्पर घेऊन दारात उभे राहिले. आजींनी सगळ्यांना परत पाठवलं. त्यांचं म्हणणं एकच, या रानात माझी सासू ढोरं चारत होती, हे असंच राहू दे. त्यांनी ती जमीन संस्थेला द्यायचं ठरवलं. तिथे कागद अडला. विदर्भासाठी असलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन देता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही, त्यासाठी परवानगी लागते. संस्था शेतकरी नाही. परवानगीचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आहे. कलम ८९ वाईट आहे असं मी म्हणत नाही, त्यानेच कास्तकाराची जमीन सावकार आणि धनदांडग्यांपासून वाचली. पण आजींनी तेच रान अकृषक करून भूखंड पाडायचं ठरवलं असतं तर त्याचा नमुना, फी, टप्पे सगळं ठरलेलं आहे. रान रान म्हणून ठेवायचं म्हटलं की कोणालाच काही सांगता येत नाही.

जगात इतरत्र यावर उपाय निघालेले आहेत. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १८९१ सालीच लोकांसाठी निसर्गस्थळं धरून ठेवणारी विश्वस्त संस्था स्थापन झाली, आणि आज त्या देशात गावोगावी अशा संस्था आहेत. मालक जमीन स्वतःकडेच ठेवतो, फक्त बांधकामाचा हक्क कायमचा सोडतो, आणि तो कोणी मोडू नये हे संस्था पाहते. जमीन विकली गेली तरी नवा मालक त्या कागदाने बांधलेला असतो. आपल्याला यात परकं वाटावं असं काही नाही. मालमत्तेचा धनी म्हणजे तिचा विश्वस्त, असं मानणारे गांधीजी आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला राहिले. विनोबा पवनारला धाम नदीच्या काठावर राहिले आणि जमीन गोपाळाची म्हणत देशभर पायी फिरले. त्याच विचारातून १९६४ चा महाराष्ट्र ग्रामदान कायदा आला, आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ साली आपली खासगी जमीनसुद्धा ग्रामदानात आणायचं ठरवलं. त्याआधी २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला होता, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली हजार हेक्टरांच्या आसपास जंगलाचा हक्क मिळाला. बांबू विकून ते गाव उभं राहिलं, आणि तरीही जंगलाचा एक भाग त्यांनी काहीही न तोडता राखून ठेवला आहे. तेंदूपत्त्यासाठी फांद्या छाटतात आणि आगी लावतात म्हणून त्यांनी ते उत्पन्नही सोडलं. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरने उघडा पडलेला डोंगर पुन्हा हिरवा केला. ही सगळी माणसं आपल्या विदर्भातली आहेत. प्रत्येक ठिकाणी गावाच्या हाती कागद आला आणि राखण टिकली.

कायद्यात दारं आहेत, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये कलम ३६-सी खाली सामुदायिक राखीव क्षेत्र करता येतं. गावाने किंवा एकट्या माणसानेही स्वतःहून तयारी दाखवली तर त्याची खासगी जमीन तशी जाहीर करता येते. मालकी त्याचीच राहते. जाहीर झाल्यावर जमिनीचा वापर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी असल्याशिवाय बदलता येत नाही. खासगी जमिनीच्या बाबतीत त्या समितीत मालक स्वतः असतो, सोबत वन खात्याचा आणि पंचायतीचा प्रतिनिधी. आजींना हवं ते नेमकं हेच आहे. आणि झुडपीच्या बाबतीत, न्यायालयाने ती वनच मानली असल्याने २००६ चा वनहक्क कायदाही तिथे आला. कलम ३(१)(झ) मध्ये, आपण परंपरेने राखत आलेल्या सामूहिक वनाचं संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे निकालाचा गावांसाठी हा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि त्याबद्दल कुठल्याही बैठकीत मी अजून ऐकलेलं नाही.

एक आक्षेप मला रोज ऐकावा लागतो, तो इथे मांडतो. कास्तकार म्हणतात, झुडपी राखाल तर रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर वाढतील, रात्री जागल करून आमचा जीव जातो. हे खरं दुखणं आहे. तुरीच्या वावरात रोह्यांचा कळप शिरला की सकाळी काय उरतं ते मी पंचनाम्याला जाऊन पाहिलेलं आहे. पण ज्या गावांनी आपलं झुडपी मुरमासाठी खणून टाकलं तिथले रोही कुठे गेले नाहीत. ते उसात आणि कपाशीत राहायला आले, दिवसासुद्धा. शिवाय नुकसानभरपाईचा पंचनामा वेळेत होणं, सौर कुंपण सामूहिकपणे घेणं ही कामं झुडपी असलं काय नसलं काय, करावीच लागणार आहेत. संस्थेने यंदा लगतच्या कास्तकारांचे अर्ज स्वतः भरून द्यायला सुरुवात केली आहे. राखणारा आणि नुकसान सोसणारा हे दोघे शेजारी आहेत, त्यांना एकमेकांविरुद्ध उभं करून रान टिकणार नाही.

तर संपादक महोदय, मागणं थोडक्यात असं. झुडपीचा कोणताही नंबर ताब्यात घेण्याआधी वन आणि महसूल या दोन्ही खात्यांची माणसं निस्तार पत्रक आणि गावनकाशा हातात घेऊन गावकऱ्यांसोबत त्या रानातून चालत जावीत. वाटा, पाणवठे, चराई, मसणवट, देवाची जागा, सगळं तिथल्या तिथे लिहून घ्यावं आणि ग्रामसभेत वाचून दाखवावं. जिल्हाधिकाऱ्यांनी कलम ३६-सी खालचा प्रस्ताव कसा करायचा याचं एक पान मराठीत छापून प्रत्येक तलाठी कार्यालयात लावावं. आणि नोंदणीकृत स्थानिक विश्वस्त संस्थेला संवर्धनासाठी जमीन देणाऱ्याच्या परवानगीला मुदत घालावी. अशी जमीन पुढे विकली जाईल ही भीती नको, कारण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्तांना ती धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येतच नाही.

आपल्या वर्तमानपत्रालाही विनंती आहे. तालुकानिहाय झुडपी जंगलाच्या जमिनींची यादी, गाव, नंबर आणि क्षेत्रासह छापा. एका दिवशी एक तालुका घेतला तरी चालेल. गावागावांत ती कात्रणं ठेवली जातील आणि ग्रामसभेत लोक उठून विचारतील, आमचा अमुक नंबर कुठे आहे, दाखवा. आमच्या गावाने येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर सामूहिक वनहक्काचा दावा घेतला आहे. नकाशा मी काढून ठेवला आहे. शेजारच्या गावांना दाव्यासाठी कागद शोधायला मदत हवी असेल तर त्यांनी आमच्या ग्रामपंचायतीत निरोप ठेवावा, मी येईन.

आपला,
एक निवृत्त कोतवाल
ता. कारंजा (घाडगे), जि. वर्धा